झडती कोणाची?

दोस्तांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी झडती ऐकली आहे? पोलीस घरात शिरून घेतात ती झडती नव्हे हं! पोळ्याची झडती. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांनी आता डोकं खाजवलं असेल. खाजवा थोडा वेळ. तोवर आमच्या यवतमाळ जिल्ह्यातली पोरं गालातल्या गालात हसून घेतील.

मी याच जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दोन खोल्या, दोन शिक्षक, चार वर्ग आणि समोर एक कडुनिंब. गेल्या वर्षी पोळा आठवड्यावर आला होता. मधल्या सुट्टीत चौथीतली एक मुलगी माझ्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली. हातात वहीचं फाडलेलं पान, चार घड्या घातलेलं.

"मॅडम, पोरीनं झडती म्हनली तं चालते का?"

"का नाही चालणार? कोण म्हणतं चालत नाही?"

"दादा म्हनते. म्हने, झडती मान्सायची रायते."

मी म्हटलं, "बघू." आता 'बघू' हा आम्हा शिक्षकांचा किती लाडका शब्द आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'नाही' असाच निघतो. तिलाही तो कळला असावा. ती घडी मुठीत धरून गुपचूप निघून गेली. आणि माझ्या डोक्यात मात्र एक जुना पोळा सुरू झाला.

पोळा म्हणजे बैलांचा सण. श्रावणाच्या अमावास्येला येतो. वर्षभर नांगर, वखर, तिफण, डवरा आणि बंडी ओढणाऱ्या बैलाला त्या दिवशी जू लावायचं नाही, तुतारी टोचायची नाही. आदल्या संध्याकाळी खांदमळणी होते. जू वाहून वाहून बैलाच्या खांद्याला घट्टा पडलेला असतो, कधी कातडी सोललेली असते. तिथं हळद आणि लोणी चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं त्याला रीतसर आवतण देतात. दुसऱ्या दिवशी बैल नदी-नाल्यावर धुवायचे, शिंगांना रंग, बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरांची माळ, नवी वेसण, नवा कासरा. मग सगळ्या जोड्या आखरावर नेऊन रांगेत उभ्या करायच्या. आखर म्हणजे गावाबाहेरची ती जागा, जिथं सकाळी गायकी गावची गुरं गोळा करतो. तिथं आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं. तोरण तुटलं की 'पोळा फुटला'. मग बैल घरोघर ओवाळून घ्यायला जातात आणि त्यांना पुरणपोळी मिळते.

पण तोरण तुटण्याआधी खरी गंमत असते ती झडत्यांची. एकजण पुढं होतो, हात वर करतो आणि खणखणीत आवाजात यमक जुळवलेल्या चार-सहा ओळी ठोकतो. शेवटी सगळे मिळून महादेवाच्या नावाचा गजर करतात, ढोल वाजतो, की लगेच दुसऱ्या बाजूचा कोणी त्याला उत्तर देतो. झडतीत काय नसतं? न पडलेला पाऊस, पडलेला कापसाचा भाव, सावकाराची वही, कोणाची तरी चिंगूस सासू, निवडून आल्यावर गावात न फिरकलेला पुढारी. समोर पाटील उभा असो की सरपंच, त्या दिवशी कोणी रागवायचं नाही. गुराढोरांत राहणाऱ्या माणसांची ही कविता आहे. ती कागदावर जन्मत नाही. कोठ्यात, म्हणजे आमच्याकडच्या गुरांच्या गोठ्यात, शेण काढता काढता जन्मते.

तर तो जुना पोळा. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. आमच्या घरी ढवळ्या आणि पवळ्या अशी जोडी होती. माझे आबाजी, म्हणजे वडिलांचे वडील, झडतीसाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध. ते पुढं झाले की ढोलवाला आपोआप थांबायचा. त्या वर्षी त्यांनी म्हटलेली झडती अशी होती :

खांदा सोलला ढवळ्याचा,
गाडा भरला कापसाचा,
पैसा मोजला धन्यानं,
घाम मोजला कोनाचा?

आखरावर एक क्षण कोणी बोललंच नाही. मग असा गजर उठला की बैल बुजले. लोक आबाजींच्या पाठीवर थापा मारत होते. मी धावत घरी आले. बाया आखरावर जात नसत. त्या दारात पाणी आणि ओवाळणीचं ताट घेऊन बैलांची वाट बघत उभ्या असत. आजी पायरीवर उभी होती. मी ओरडून सांगितलं, "आजी, आबाजीची झडती सगळ्यात भारी झाली!"

आजीनं विचारलं, "कोनती म्हनली? घामाची का?"

तिला कसं ठाऊक? आबाजी तर अजून घरी आले नव्हते!

मग मला आदली संध्याकाळ आठवली. कंदिलाच्या उजेडात आजी ढवळ्याचा खांदा चोळत होती. सोललेल्या जागी बोट लागलं की ढवळ्या कातडी थरथरवायचा आणि आजी काहीतरी पुटपुटायची. मला वाटलं होतं, ती त्याची समजूत घालते आहे. ती झडती जुळवत होती! पुढं कळलं की दरवर्षी तीच जुळवायची. रात्री जेवताना आबाजींना दोनदा म्हणून दाखवायची, आबाजी पाठ करायचे आणि दुसऱ्या दिवशी ठोकायचे.

आजी गायकीची मुलगी. तिचे वडील गावची गुरं चारायचे. त्याबद्दल वर्षाकाठी घरोघरून धान्य मिळायचं. वडील आजारी असले की आठ-नऊ वर्षांची ही पोरगी काठी घेऊन साठ-सत्तर गुरांमागं रानात. शाळा तिनं बाहेरूनसुद्धा बघितली नव्हती. पण कोणती गाय कधी विणार, कोणता गोऱ्हा जोतात चालेल आणि कोणता बसकण मारेल, हे ती चालीवरून सांगायची. गुरं चारताना एकटीच बडबडायची, म्हणे. "रानात बोलाले कोनी नसते. मंग गाईलेच सांगावं लागते. अन् गाईले सादं सांगितलं तं ते आयकत नाही, जुळवून सांगावं लागते." हा आजीचा काव्यशास्त्रावरचा एकमेव पाठ. मी आजवर त्याहून चांगला ऐकलेला नाही.

मी तिला विचारलं होतं, "आजी, मग तूच का नाही जात आखरावर?"

ती म्हणाली, "मी म्हनली काय अन् त्यायनं म्हनली काय, बैलाले काय फरक पडते?"

बैलाला पडत नसेल. पण मी तिला एकदा बघितलं आहे. पुढच्याच पोळ्याला ती शेणाच्या टोपलीचं निमित्त करून आखराजवळच्या कुंपणाआड उभी होती. आबाजींनी एक ओळ चुकवली, तेव्हा तिचे ओठ हलले. बरोबर ओळ तिनं तिथल्या तिथं म्हटली, अगदी हळू.

तुम्ही म्हणाल, मॅडमची आजी तेवढी वेगळी. तसं नाही हो. आमच्या शाळेपासून थोड्या अंतरावर बंजाऱ्यांचा तांडा आहे. आमच्या जिल्ह्यात पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांत असे पुष्कळ तांडे आहेत. महाराष्ट्राचे १९६३ ते १९७५ या काळातले मुख्यमंत्री वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुलीचे, याच समाजातले. आज तांडा म्हणजे एक वस्ती. पण पूर्वी तांडा म्हणजे चालतं गाव! शेकडो, कधी हजारो बैल, त्यांच्या पाठीवर धान्याच्या आणि मिठाच्या गोण्या, बरोबर बायकामुलं, कुत्री, आणि पुढं नायक. रस्ते नव्हते, घाटांत गाड्या चालत नव्हत्या, तेव्हा समुद्राकाठचं मीठ आत आणायचं आणि आतलं धान्य दूर न्यायचं काम हे लोक करत. लवण म्हणजे मीठ, त्यावरून लमाण, असं सांगतात. फौजांनासुद्धा धान्य पुरवायचं ते यांनीच.

एवढा मोठा कारभार बसला कशानं? आगगाडीनं. १८६७ साली नागपूरला रेल्वे पोहोचली. जे ओझं हजार बैल कित्येक आठवडे वाहत, ते डब्यांत भरून दोन-चार दिवसांत जाऊ लागलं. हळूहळू बैलांच्या पाठी रिकाम्या झाल्या आणि तांडे जिथं पाणी आणि चारा मिळाला तिथं थांबले.

पण गाणी थांबली नाहीत. तांड्यावरच्या एका म्हाताऱ्या याडीकडे (याडी म्हणजे आई, त्यांच्या गोरबोलीत) मी एकदा पटनोंदणीसाठी गेले होते. नोंदणी बाजूलाच राहिली. तिनं जुन्या लग्नाची गोष्ट सांगितली. सासरी निघताना नवरी गळ्यात पडून ढावलो गायची. ढावलो म्हणजे रडणंच, पण सुरात. आणि मग तिला सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभं करायचे. बसवायचे नाही, उभं! तिथं दोन्ही हात वर करून ती बापाच्या तांड्याचा निरोप घ्यायची. त्या गाण्याला हवेली म्हणतात. मी विचारलं, "तुम्हाला हे कोणी शिकवलं?" म्हणाली, चाल मोठ्या बायांकडून आली. पण माझी आई, माझा भाऊ, आमची कपिला गाय, हे मला कोण शिकवणार? ते माझं मीच घातलं.

डोळ्यांसमोर आणून बघा. डुलणारा बैल, त्याच्या पाठीवर बारा-पंधरा वर्षांची पोरगी, आणि सगळा तांडा ऐकतो आहे. आमच्या आखरावरच्या बायांपेक्षा ही पोरगी एका बाबतीत पुढंच होती की नाही? तिची कविता तीच म्हणत होती. (लग्नाचं वय मात्र त्या काळाबरोबर गेलं ते बरंच झालं. मुलींनो, हे कंसातलं नीट वाचा.)

आता जरा लांब जायचं आहे, सातासमुद्रापलीकडे. पण साल तेच धरून ठेवा, १८६७. नागपूरला गाडी आली त्याच वर्षी अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या ॲबिलीन नावाच्या गावी टेक्सासकडची गुरं आगगाडीत चढवायला सुरुवात झाली. टेक्सासात गुरं उदंड आणि खाणारी शहरं हजारो किलोमीटर दूर. मग दोन-तीन हजार गुरांचा एकेक कळप घेऊन दहा-बारा घोडेस्वार दोन-तीन महिने चालत रेल्वेपर्यंत यायचे. हेच ते सिनेमातले काउबॉय. मला लहानपणी वाटायचं, काउबॉय म्हणजे पिस्तूलवाला कोणी शूरवीर. शब्दाचा अर्थ बघा ना : काउ म्हणजे गाय, बॉय म्हणजे पोरगा. म्हणजे आपला गायकी! त्यांच्यात गोरे होते तसे गुलामीतून सुटलेले काळे होते आणि मेक्सिकन होते. रात्री गुरं बुजून उधळू नयेत म्हणून पहाऱ्यावरचा माणूस कळपाभोवती फिरत हळू आवाजात गात राहायचा. गाईला जुळवून सांगावं लागतं, हे त्यांनाही कळलेलं होतं तर!

तिकडचा तो जमाना वीस-पंचवीस वर्षंच टिकला. १८७४ साली काटेरी तारेचं पेटंट निघालं, मोकळ्या रानाला कुंपणं पडली, रेल्वे सगळीकडे पोहोचली. पण कविता उरली. १९८५ साली नेवाडा राज्यातल्या एल्को गावी अशा कवींचा मेळावा सुरू झाला. गुरं राखणारी माणसं उभी राहून कविता म्हणतात, लोक टाळ्या वाजवतात. त्यांचा आखरच म्हणा.

आणि तिथंही एक बाई होती बरं का. शार्लट हॉल. जन्म १८७० चा, कॅन्ससमधला. ती अकरा वर्षांची असताना तिच्या घरचे छकडे जुंपून ॲरिझोनाकडे निघाले आणि ही पोरगी घोड्यावर बसून घरची घोडी हाकत निघाली. वाटेत घोड्यानं तिला फेकलं. पाठीचा कणा दुखावला तो जन्मभर. पुढं ती आईबापाच्या रँचवर राबली. रँच म्हणजे गुराघोड्यांचं मोठं शेत. तिथं स्वयंपाक, जनावरं, फळबाग, म्हाताऱ्या आईबापाची सेवा, आणि त्यातून वेळ काढून कविता. १९१०-११ च्या सुमारास तिचं कवितांचं पुस्तक निघालं, तिच्या स्वतःच्या नावानं.

मला तिचं आणखी एक काम कवितांपेक्षाही जास्त आवडतं. १९०९ साली ॲरिझोनाच्या सरकारनं तिला आपल्या प्रदेशाची इतिहासकार नेमलं. सरकारी पद मिळालेली तिथली ती पहिली बाई. मग ती कचेरीत बसली का? छे! घोडागाडी जोडून दूरदूरच्या वस्त्यांवर गेली आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून सगळं लिहून घेतलं. पुढं १९२८ साली तिनं प्रेस्कॉट गावातल्या गव्हर्नरच्या जुन्या लाकडी घरात संग्रहालय उघडलं. ते आज तिच्याच नावानं चालतं. ती १९४३ मध्ये वारली.

लिहून घेतलं, म्हणून राहिलं. आपल्याकडे बहिणाबाई चौधरी तशाच राहिल्या. १८८० साली जळगावजवळच्या आसोद्यात जन्मल्या, १९५१ मध्ये वारल्या. अक्षरओळख नाही. शेतात आणि जात्यावर काम करता करता गाणी व्हायची. पोळ्यावरसुद्धा त्यांचं गाणं आहे. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता, त्यानं आणि एका आप्तानं गाणी जमतील तशी टिपून ठेवली. आई गेल्यावर सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी ती छापलीच पाहिजेत असं ठरवलं आणि १९५२ साली पुस्तक आलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. टिपणारं कोणी घरात नसतं तर? आसोद्याच्या शेजारणींना दोन-चार ओळी आठवल्या असत्या, आणि त्या शेजारणींबरोबर गेल्याही असत्या.

हे सगळं मी वर्गात छान सांगते. पण माझीच गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती सांगताना बरं वाटत नाही.

मी डी. एड. ला होते तेव्हा आम्हाला एक प्रकल्प होता : लोकगीतांचं संकलन. किमान पंचवीस गीतं, सुवाच्य अक्षरात, समासासह. मी काय केलं? ग्रंथालयात गेले. जाडजूड पुस्तकं काढली, त्यातून पंचवीस गाणी उतरवली, लाल शाईनं शीर्षकं लिहिली, मुखपृष्ठावर जात्याचं चित्र काढलं. चांगले गुण मिळाले. सुट्टीत घरी आले तेव्हा आजीला वही दाखवली. तिनं चित्रावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जातं चांगलं काहाडलं व पोरी. काय लिहिलं यात?"

"गाणी, आजी. बाया म्हणतात ती."

"कोन्या बाया?"

मला उत्तर देता आलं नाही. पुस्तकात गावांची नावं होती, बायांची नव्हती. तरीही माझ्या डोक्यात आलं नाही की समोर बसली आहे तिला विचारावं. लोकसाहित्य म्हणजे ग्रंथालयात असतं ते, असंच मला वाटत होतं. नोकरी लागली, लग्न झालं, 'या दिवाळीत लिहून घेऊ', 'उन्हाळ्यात निवांत बसू' असं चाललं. आबाजी आधी गेले. ते गेल्यावर आजीनं झडती जुळवणं सोडलं. म्हणणारा नव्हता ना. मग एका हिवाळ्यात तीही गेली. तिच्या तीस-चाळीस वर्षांच्या झडत्यांतल्या माझ्याजवळ आज किती आहेत, सांगू? अडीच. दोन पुऱ्या आणि एकीच्या शेवटच्या दोन ओळी. सुरुवात कोणालाच आठवत नाही. वडिलांना विचारलं, आत्यांना विचारलं. सगळे म्हणतात, "आबाजी म्हणायचे ती ना? फार छान होती."

तर चौथीतल्या त्या मुलीला मी 'बघू' म्हटलं त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्याबरोबर मी तिला बोलावलं. "ते पान आण बरं." तिनं दप्तराच्या आतल्या कप्प्यातून घडी काढून दिली. मी वाचलं. पुन्हा वाचलं. म्हटलं, "तान्ह्या पोळ्याला हे तू म्हणायचं."

तान्हा पोळा मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असतो, आमच्या विदर्भातल्या मुलांचा. चाकांचे लाकडी बैल सजवून मुलं रांगेत उभी राहतात, तोरण असतं, बक्षिसं असतात, नंतर घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ आणि पैसे, गोळा करायचे. मुलीही नटून-थटून येतात. पण झडती मुलगेच म्हणत आले होते, आमच्या गावात तरी.

मारुतीच्या पारापुढं गर्दी जमली. चार-पाच मुलांच्या झडत्या झाल्या. पाठ केलेल्या, घाईघाईत म्हटलेल्या, पण झाल्या. मग मी तिचं नाव पुकारलं. मागून कोणीतरी म्हणालं, "आता पोरी झडत्या म्हनतीन का?" दोघं-तिघं हसले. मी काहीतरी उत्तर देणार, तेवढ्यात गावातले एक म्हातारे बाबा काठी आपटून म्हणाले, "म्हनू द्या ना बे! आयकाले काय पैसे पडते?"

ती पुढं आली. दोरीनं बैल ओढत. बैल जुना, एका शिंगाचा रंग उडालेला. हात वर केला. आवाज आधी फुटेचना. मग एकदम सुटला :

लाकडाचा बैल, चाकं त्याले चार,
मांगत नाही ढेप, मांगत नाही कुटार.
बाबाचा बैल इकला बजारी,
म्हनून म्या आनला लाकडाचा दारी!

गजर करायचा असतो, हे लोक विसरलेच. तिच्या घरची जोडी उन्हाळ्यात विकली गेली होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या दिवशी मोठ्या पोळ्यात आखरावर जोड्या किती कमी झाल्या होत्या, हेही सगळ्यांनी बघितलं होतं. ट्रॅक्टर भाड्यानं आणायचा आणि बैलाचा वर्षभराचा चारा वाचवायचा, असा हिशोब आता घरोघर चालतो. तिचे वडील पाराच्या टोकाला उभे होते. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, तोंड पुसलं, परत खांद्यावर टाकला. मग त्याच काठीवाल्या बाबांनी महादेवाच्या नावानं आरोळी दिली आणि सगळा गाव ओरडला.

बक्षीस तिला मिळालं नाही. ते सजावटीचं होतं, आणि तिच्या बैलाला तर धड झूलही नव्हती. पण बोजारा मागायला ती निघाली तेव्हा प्रत्येक दारात तिला थांबवून बाया म्हणत होत्या, "म्हन व पोरी, आमी नाही आयकली." तिनं ती झडती त्या संध्याकाळी पंधरा-वीस वेळा तरी म्हटली असेल.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत एक नवी वही आणली. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी. पहिल्या पानावर तिची झडती तिच्याच हातानं लिहायला लावली, खाली तिचं नाव, वर्ग आणि तारीख. लिहिताना ती एका शब्दावर अडली. "मॅडम, 'विकला' लिहू का 'इकला'?" म्हटलं, "तू काय म्हटलंस?" "इकला." "मग तेच लिही."

त्यानंतर वही भरायला लागली आहे. तांड्यावरच्या दोन मुली आपल्या याडीकडून गाणी विचारून आणतात. गोरबोली देवनागरीत कशी लिहायची यावर त्यांचं रोज भांडण होतं आणि मला त्यातलं काही कळत नाही. एका मुलानं आपल्या आजोबाची म्हणून झडती आणली. मी विचारलं, "आजोबांनीच जुळवली का? घरी विचारून ये." तो विचारून आला आणि म्हणाला, "अर्धी आजीची होय." आम्ही दोघांची नावं टाकली.

मग एक दिवस मीही माझी अडीच झडती त्या वहीत उतरवली. पहिली घामाची. मुलं टेबलाभोवती गोळा होऊन बघत होती. मी खाली लिहिलं, 'माझी आजी'.

चौथीतली ती म्हणाली, "मॅडम, हे नाव थोडी होय! आमाले तं पूरं नाव लिव्हा म्हनता."

खरंच की. आणि दोस्तांनो, मला आजीचं नाव येईना. नुसती 'आजी', 'माय', 'अमक्याची आई', हेच सगळीकडे ऐकलेलं. सातबाऱ्यावर आबाजींचं नाव, रेशनकार्डावरही पहिलं त्यांचंच. मी तिथल्या तिथं वडिलांना फोन लावला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कोणतं सांगू? माहेरचं का सासरचं? लग्नात बदललं होतं तिचं."

मी म्हटलं, दोन्ही सांगा. दोन्ही लिहिली.